ब्याऐंशी टक्के

मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
कूलर बंद करतो, कारण त्याची घरघर
चौघांच्या कानात माझ्याआधी पोचते.
मग मे महिन्यातलं नागपूर भिंतींतून आत येतं
आणि माझ्या मानेवर बसून वर्ग ऐकतं.

विद्यार्थी चार. चारच घेतो.
इतवारीत स्टुडिओ होता तेव्हा
कोपर धरून शिकवायचो : असं, पोटाला टेकव,
श्वास अर्धा सोड, हं, दाब.
आता कुणाचंच कोपर हाती लागत नाही.
'थोडं डावीकडे' म्हणतो
आणि चार खिडक्यांत चार जण
आपापल्या डावीकडे सरकतात.

देवपुजारी बाई बँकेतून निवृत्त.
प्रत्येक आकडा खातेवहीसारखा दोनदा तपासतात
आणि तरी विचारतात,
आकडा लहान तर भोक मोठं, हे कुणी ठरवलं हो?
तीस वर्षं झाली, मला नीट सांगता आलेलं नाही.

तहसीन मोमिनपुऱ्यातल्या गच्चीवर,
कबुतरं उडून गेल्यावरच बटण दाबते.
रिकाम्या खुराड्याचे तिचे एकोणीस फोटो
माझ्याकडे जमलेत.
एकविसाव्यात एक पीस आहे. विसावा तिनं पुसला म्हणे.

निर्मिती गजभिये कॅमेरा बंद ठेवते.
फोटोग्राफीच्या वर्गात काळी चौकट, मधोमध एक 'नि'.
पहिल्या दिवशी मी रागावलो.
मग तिच्या मागून कुकरची शिट्टी, कुणाचा तरी अभ्यास,
कुणाचं तरी खोकणं एकदमच ऐकू आलं,
आणि खोली एकच आहे हे कळलं.

मडावी गुरुजी अहेरीच्या पलीकडून,
शाळेच्या टाकीवर चढून बसतात, रेंजसाठी.

या खेपेला गृहपाठ होता दुपारी दोनचं ऊन.
पुस्तकं म्हणतात, या वेळी कॅमेरा झाकून ठेवा.
म्हटलं, आपण विदर्भातली माणसं,
एवढं झाकून ठेवलं तर काढायचं कधी?

गुरुजींचा फोटो ब्याऐंशी टक्क्यांवर अडला.
गोल गोल फिरत राहिला.
म्हटलं, गुरुजी, तोंडानं सांगा.

'हापसी आहे सर. तिची सावली तिच्याच पायाशी गोळा झालेली.
एक बकरी त्या सावलीत फक्त तोंड ठेवून उभी.
बाकीची बकरी उन्हात.
दांड्यावर एका पोरीचा हात. पोरगी नाही, हात तेवढा.
बांगडी चमकून तिथं पांढरं जळलं.
चालंल का?'

कुणी काही बोललं नाही.
मग काळ्या चौकटीतून 'नि'चा आवाज :
'पाणी आलं का?'
'नाही अजून. धा-पंधरा हापसे मारा लागते.'

त्या रात्री गच्चीवर गादी टाकून पडलो
तर तो फोटो समोर.
मी न पाहिलेला, इतका स्वच्छ
की कडा मोजल्या असत्या.

शुक्रवारी तो खरा आला.
हापसी तिरपी. बकरी हललेली.
हात नाही.

'हात कुठंय, गुरुजी?'
'होता, सर.'
टाकीवरच्या वाऱ्यात त्यांचा आवाज तुटत होता.
'होता' तेवढं दोनदा आलं.

माझ्यापाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं :
क्षितिज, चौकट, घाई.
लग्नांमध्ये मी स्वतः कापलेले हातही होते,
अक्षता टाकणारे, हळदीचे, कुणाकुणाचे,
ते मात्र मी कुठल्याच वर्गात शिकवत नाही.

देवपुजारी बाईंनी चष्मा पुसला,
चेहरा पडद्याला इतका चिकटवला
की आम्हाला त्यांचं कपाळच दिसत होतं.
'हा बघा. उजव्या काठाला. पांढरा ठिपका.'

होता खरा.
मोहरीएवढा, जळालेला.

म्हटलं, गुरुजी, पुन्हा काढा.
मग म्हटलं, नको. राहू द्या.
आणि सवयीनं हात मागे गेला,
कूलर सुरू झाला,
त्यानंतर तहसीन काय म्हणाली
ते मला ऐकूच आलं नाही.