मधलं पद

रामबागेतला क्लास चौदाव्या दिवशी उघडला.
खडूचा डबा तिथंच, डस्टर तिथंच,
आणि फळ्यावर श्रीपाच्या अक्षरात अर्धवट राहिलेलं
६x² + १३x + ६.
इतकी माणसं येऊन गेली,
सतरंज्या आल्या, परत गेल्या,
फळा मात्र कुणी पुसला नाही.

मी वीज मंडळात बिलं तपासते.
बेरजा माझ्या, बीजगणित त्याचं,
अशी वाटणी होती लहानपणापासून.
पण बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय
आणि ही सात पोरं चपला बाहेर काढून
कधी नव्हे इतकी गप्प बसलीयत.

"दीदी, बीचवाला तोड़ना है,"
मोहित चौकसे हळूच सांगतो,
मला वाईट वाटू नये अशा आवाजात.
ते याला गुणनखंड म्हणतात.
आमच्या शाळेत अवयव म्हणायचे,
हातपाय म्हणावेत तसे.

टोकांचा गुणाकार छत्तीस.
छत्तीस देतील आणि तेरा होतील असे दोन आकडे हवेत.
मी फळ्याकडे बघते
आणि तेरा आपोआप फुटतात:
नऊ दिवस, ज्यांत काहीच करायचं नव्हतं,
चहा समोर निवत राहायचा;
मग चार,
दहावा, अकरावा, बारावा, तेरावा,
ज्यांत टेकायला फुरसत नव्हती.

नऊ चोक छत्तीस.
फरहीननं कधीच लिहून टाकलंय.
मोहितनं आधी चार घेतलेत, मग नऊ.
"सही कौन-सा?"
मला ठाऊक नाही. करून बघा, म्हणते.

३x(२x + ३) + २(२x + ३)
२x(३x + २) + ३(३x + २)

दोघं दोन वाटांनी गेली
आणि खालच्या ओळीत तेच दोन कंस,
नुसत्या जागा बदललेल्या.

कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकू यायचं मला
त्याचं धेडगुजरी हिंदी:
"कंस जुळे नहीं, तो आगे मत ढकलो.
पीछे जाओ. कहीं चिन्ह चुका है."
मी रोज हसायचे.

आज मागे मागे जाऊन पाहिलं.
चिन्ह कुठंच चुकलेलं नाही.
नऊ आणि चार,
दोघांतून सामाईक काढायला गेलं
तर निघतो फक्त एक.

"दीदी, अगला?"
मोहित डस्टर उचलतो.
राहू दे, म्हणते,
खाली जागा आहे अजून.