त्रेचाळीस इंची ताळेबंद

मार्च संपायला नऊ दिवस होते
आणि माझा सतरा इंची मॉनिटर
आधी एका हिरव्या रेघेवर आला, मग तीही विझली.
हरभट रोडवरचा माणूस म्हणाला, दुरुस्त व्हायचा नाही हा,
आणि तुम्हाला पाहिजे तो नवा, एप्रिलात.
मी फक्त केबल घेतली, तीन मीटर,
आणि हॉलमधल्या टीव्हीच्या पाठीमागं हात घालून
धुळीत चाचपत भोक शोधलं.

त्रेचाळीस इंच म्हणजे किती
हे दिवाळीत हप्ते ठरवताना कळलं नव्हतं.
नावेकडून जमेकडं जायला मान वळवावी लागते,
बॅडमिंटन बघितल्यासारखी.
बाण हाताच्या मागून येतो, जरा दमानं,
आणि कडा कापल्या जातात चारी बाजूंनी:
तारखेचा पहिला आकडा भिंतीत,
बेरजेची ओळ खाली, शोकेसमधल्या समईत कुठंतरी.
रिमोट घेऊन मी 'पिक्चर साईज'मध्ये शिरले.
सिनेमा, क्रिकेट, डायनॅमिक.
हिशोबासाठी एकही नाही.
शेवटी धार शून्यावर आणली तेव्हा
अक्षरांभोवतीची पांढरी झालर गेली
आणि चौगुले ट्रेडर्सची खतावणी
हॉलमध्ये उभी राहिली, पाहुण्यासारखी.

दूधवाला दारातूनच म्हणाला,
'वहिनी, चौगुल्यांचं बरं चाललंय की.'
तेव्हापासून पडदा ओढून बसते.

सासूबाईंनी मालिकेचा विषय काढला नाही.
सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली,
भांडी नेहमीपेक्षा जरा जास्त वाजली, एवढंच.
श्रेणिक म्हणाला, 'मोबाईलवर बघ की आई.'
'माझे डोळे काय हरभट रोडवर मिळतात?'

भूपालअण्णा त्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत.
चार वर्षं झाली, नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग आहे,
ज्याच्याकडं बघावं तोच झाकला जातो.
माणसं ते चपलांवरून ओळखतात. टीव्ही ऐकतात.
मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर
अडतीस वर्षं दिवाणजी होते,
अजून खोकताना रुमाल पिवळा निघेल असं वाटतं.

रात्री अकराला फरक निघाला, साडेचारशेचा.
मी तोंडातल्या तोंडात म्हटलं असणार,
कारण कोपऱ्यातून आवाज आला:
'नवानं भाग जातोय.
दोन आकडे उलटे पडलेत. थांब. जरा वर घे.'

वर घे म्हणजे काय, मला क्षणभर उमगेना.
ते पडद्याकडं बघतच नव्हते,
पडद्याच्या डावीकडं, कॅलेंडरकडं बघत होते,
डाग बाजूला सारून, डोळ्याच्या कडेनं,
चिमणीसारखी मान तिरपी करून,
आणि वाचत होते.
'बारा तारीख, सेलम, पोती एकसष्ट, हमाली अठराशे तीस.
एकोणीस तारीख, सेलम, पोती एकसष्ट,
हमाली तेराशे ऐंशी.
पोती तेवढीच. दर तोच. हमाल काय दयेवर आलेत?
बिल काढ.'

बिल काढलं.
अठराशे तीस.

नीट करून एंटर दाबलं तेव्हा
फरकाच्या घरात शून्य आलं, माझ्या तळहाताएवढं.
अण्णांनी ते बघितलं का, ठाऊक नाही.
'पुढची पार्टी कुठली?' त्यांनी विचारलं.

त्या आठवड्यात अकरा पार्ट्या झाल्या.
माझी मान धरली. ते दोनदा चुकले,
आणि एकदा पडद्यावर नसलेला आकडा वाचला,
ठामपणे, पैशांसकट,
बहुधा सत्त्याऐंशी सालातला.
मी तो मांडला नाही,
चूक आहे असंही म्हटलं नाही.

एप्रिलात मॉनिटर आला, चोवीस इंची, आतल्या खोलीत.
मालिका परतली. भांड्यांचा आवाज उतरला.
अण्णा कोपऱ्यातून ऐकतात,
जाहिरात लागली की मान किंचित तिरपी होते.

केबल टीव्हीमागं तशीच लोंबतेय.
काढायची राहिली, असं मी सांगते.