फ्रेझरचा पिवळा

ॲबर्डीनमध्ये डिसेंबरात
साडेतीनला दिवस मिटतो.
ग्रॅनाइटच्या भिंती, बंदर, आभाळ, सीगल,
सगळे एकाच करड्या ताग्यातून फाडून घेतल्यासारखे.
अशा गावात माझ्याकडे रंगाची तक्रार आली.

दोनच ओळी:
सेटिंगमध्ये पिवळा लिहिलाय, येतो लालच.
मला लाल दिसत नाही.
खाली सही, फ्रेझर गेडिस, रात्रपाळी, धक्का नियंत्रण.

प्रोग्राम आमचा साधा. एक काळी खिडकी,
तिच्यात ओळीमागून ओळ सरकते:
जहाजाचं नाव, वेळ, भरतीची उंची.
ठीक असेल तर हिरवी ओळ, धोका असेल तर लाल.
हे कुणी ठरवलं?
मीच. सहा वर्षांपूर्वी,
सँडविच खाता खाता.

टर्मिनलमध्ये रंग म्हणजे नुसती कुजबुज.
एस्केप, चौकोनी कंस, एकतीस, एम: लाल हो.
बत्तीस: हिरवा. तेहेतीस: पिवळा.
आणि शेवटी शून्य, म्हणजे
झालं, आता होतास तसा हो.
शून्य विसरलं तर रंग पुढच्या ओळीला लागतो,
हळदीचा हात दाराच्या कडीला लागावा तसा.

मी पिवळ्याच्या मागे मागे गेले.
फाइल उघडते, बरोबर.
शब्द वाचला जातो, बरोबर.
तेहेतीस होतो, अगदी उंबऱ्यापर्यंत येतो,
आणि चार ओळी खाली
आमची ठरलेली रंगपेटी येऊन त्याच्यावर बसते.
ऐकून सगळं घ्यायचं, करायचं मात्र आपलंच.

इचलकरंजीत बापूकाकांचं साड्यांचं दुकान होतं.
बाई म्हणायची, चिंतामणी दाखवा.
काका म्हणायचे, हो हो, चिंतामणीच,
आणि गादीवर उलगडायचे डाळिंबी.
सध्या हाच चालतो, वहिनी.
जगातल्या प्रत्येक डिफॉल्टचा
एवढाच खुलासा असतो.

एक ओळ उचलून चार ओळी वर नेली.
काम संपलं. दोन दिवस शोध, अर्ध्या मिनिटाचा उपाय.
बदल दाखवणाऱ्या पडद्यावर
काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी.
फ्रेझरला दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या,
फक्त जागा वेगळी.
आणि खरंच, तेवढंच तर झालं होतं.

शुक्रवारी रात्री बंदरावर गेले.
वारा असा की शब्द ओठांवरच गोठावा.
फ्रेझरनं थर्मासच्या झाकणात चहा दिला.
विचारलं, सहा वर्षं कसं भागवलंत?
ओके दोन अक्षरांचं, म्हणाला, वॉर्निंग सात.
ओळ लांबली की उठायचं.
मग थोडं थांबून:
बोटीवर जायचं होतं मला.
दिव्यांच्या परीक्षेत नापास केलं. म्हणून धक्क्यावर.
हे त्यानं चहात साखर किती, तेवढ्याच सुरात सांगितलं.

त्याच्या पडद्यावर धोका आता पिवळाजर्द.
आणि ठीक असलेल्या ओळी? दिसेचनात.
त्यानं त्यांना इतका फिका राखाडी दिला होता
की काळ्यावर नुसता श्वास.
सगळं ठीक असेल तर
बघायचं कशाला, मुली?

मला हे सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

तेवढ्यात एक पुरवठा-बोट आत आली,
एका कुशीला लाल दिवा, दुसऱ्या कुशीला हिरवा.
त्यानं मान वर केली नाही.
पडद्यावर तिची ओळ उमटली, पिवळी, लांब:
भरती दोन बोटं कमी.
तो फोनकडे वळला.

आणि मी पाहिलं, माझं शून्य राहून गेलंय.
ओळ संपली तरी पिवळा थांबला नव्हता,
खालच्या रिकाम्या जागेत
कर्सर पिवळाच लुकलुकत होता.

चुकलंय, म्हटलं, सोमवारी काढते.

फोन कानाला लावूनच त्यानं हात हलवला.
राहू दे.