बाकी

सोहार बंदर, दार क्रमांक चार, रात्रीचे दोन-दहा.
मी दारापाशी नाही. दारापासून तीन किलोमीटरवर
एका गारठलेल्या खोलीत शाल पांघरून बसलेय.
बाहेर एकोणचाळीस अंश, असं पडदा सांगतो.

ट्रेलर येतो. कॅमेरे त्याला चहूबाजूंनी वाचतात:
चार अक्षरं, सहा आकडे,
आणि चौकटीत एकटा बसवलेला सातवा.
बहुतेकदा वाचता येतं. अडसर आपला आपण उठतो,
क्रेनला कळतं, जहाजाला कळतं,
कुठल्याशा गोदामात कुणाचा तरी फोन टिंग करतो,
मला पत्ताही लागत नाही.

माझ्याकडे येतं ते न वाचलेलं.
गंजलेलं, खरवडलेलं, खाऱ्या धुळीनं लिंपलेलं.
तीन की आठ? शून्य की डी?
लाल चौकट उघडते
आणि मी सुईत दोरा ओवल्यासारखे डोळे बारीक करते.

मुकादमकाकांनी शिकवलं हे. दाभोळचे.
मत्रा बंदरापासून एकतीस वर्षं टॅली क्लार्क, कानावर खडू.
"प्रत्येक अक्षराला किंमत असते गो.
पहिल्याला एकानं गुण, दुसऱ्याला दोनानं, मग चारानं, आठानं,
दामदुप्पट करत जा. सगळं मिळव. अकरानं भाग.
उरेल ती बाकी, तोच चौकटीतला आकडा.
दहा उरले तर शून्य लिही, घाबरू नको.
बाकी जुळली तर डबा खरा.
नाय जुळली, तर कुणाचा तरी डोळा खोटा."
डबा हुकावर लोंबकळत असायचा,
तो टेकायच्या आत त्यांचं गणित झालेलं असायचं.

कॅमेरे आले त्या वर्षी ते घरी गेले.
निरोपाच्या केकवर कुणीतरी क्रीमनं डब्याचा नंबर काढला होता.
काकांनी सुरी हातात धरून ओठ हलवले,
"बाकी चुकली," म्हणाले,
आणि चुकलेला आकडाच आधी कापून खाल्ला.

फोटोच्या कडेला कधी एक कोपर येतं,
खिडकीबाहेर टेकलेलं.
मी तीन की आठ ठरवेपर्यंत ते तिथंच असतं.
गर्दी असली की अकरा अकरा मिनिटं.
त्याचे पैसे फेऱ्यांवर, माझे तासांवर.

मग एक ट्रेलर रांगेतच थांबायला लागला, दाराच्या बराच अलीकडे.
लांबच्या कॅमेऱ्यात दिसायचं, अगदी मुंगीएवढं:
माणूस उतरतो, खांद्यावरची चादर काढतो,
बाटलीतलं पाणी ओततो,
आणि डब्याचा नंबर पुसतो, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा.
गुलझमीन शाह, असं परवान्यावर नाव.
पुढच्या आठवड्यात त्यानं मागच्या ट्रेलरचाही पुसला.
मग मागच्यानं त्याच्या मागच्याचा.

माझ्या लाल चौकटी रात्रीला दोनशेचाळीस होत्या.
आता साठ.
महिन्याच्या मेलमध्ये आलं:
मानवी हस्तक्षेपात पंचाहत्तर टक्के घट, नव्या आवृत्तीचं अभिनंदन.
चादरीबद्दल काही नव्हतं.
चादरीसाठी यादीत कोडच नाही: धूळ, गंज, नुकसान, इतर.
आमच्या चार खुर्च्यांपैकी तिघींवर आता
कुणी बसत नाही. एकीवर प्रिंटर ठेवलाय.

मी कळवू शकले असते.
रांगेत उतरायला मनाई आहे, नियम सतरा.
मी नियम सतरा दोनदा वाचला
आणि खिडकी बंद केली.

पाच वाजता चिपळूणहून ताईचा फोन.
तिकडे साडेसहा, तिचा चहा उकळतोय, ऐकू येतो.
जेवलीस? झोप होते का?
आणि मग नेहमीचं,
"बाकी काय?"
"एक," माझ्या तोंडून निघून जातं.
"काय एक?"

तेवढ्यात लाल चौकट. तीन की आठ.
कडेला कोपर, ओलं.
थांब हं ताई, म्हणते,
दारात कुणी उभं आहे.