दोन घरचा पाहुणा

घाटंजीच्या जिनिंगमध्ये, काट्याच्या केबिनीत,
खिडकी उघडली आणि गेली.
"आल्ती बाप्पा," लटारीजी म्हणाले,
"म्या पाह्यली ना. हिरवी होती. काऊन गेली?"
बाहेर कापसाच्या सात गाड्या,
कीबोर्डवर रुईचं बारीक पांढरं.

खिडकी सी प्लस प्लसची, मी लिहितो पायथनमध्ये.
मधे एक बाइंडिंग, इकडचं तिकडे सांगणारं.
मला वाटलं खिडकी ते सांभाळतील,
त्यांना वाटलं मी.
फंक्शन संपलं, झाडणारा आला,
बिननावाचं काही पडलेलं दिसलं,
उचलून नेलं.

नाव दिलं. टिकली.
तासाभराने उलटंच:
नाव माझ्या हातात शाबूत
आणि वस्तू तिकडे केव्हाच मोडलेली.
हाक मारली तर अख्खा प्रोग्राम आडवा,
ना चूक, ना ओळीचा आकडा.
मॅन्युअल उघडलं, तर उदाहरणं सगळी तिकडच्या बोलीत,
चांदण्या नि बाण.

हे काम मला जुनं आहे.
माय कोलामीत बोलायची, डॉक्टर मराठीत,
आठ वर्षांचा मी मधे, स्टुलावर.
पोटातल्या त्या दुखण्याला तिच्याकडे एक शब्द होता.
जळणं नाही, पिळणं नाही,
ओलं लाकूड आतल्या आत धुमसतं, तसं काहीसं.
माझी मराठी तिसरीतली.
मी म्हटलं, "दुखते."
डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली,
माय मान हलवत राहिली, बरोबर, बरोबर.
दुभाषा चुकतो तेव्हा
आवाज होत नाही.

"झालं का गा?" लटारीजी.
होतंय. काट्याचं वजन दुसऱ्या धाग्यावरून येतं,
त्या धाग्याने खिडकीला थेट हात लावायचा नाही,
निरोप ठेवायचा
नि आपली पाळी येईस्तोवर थांबायचं.
हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तीन रात्री गेल्या.
शिवाय 'क्विंटल'ची वेलांटी
अजून भलत्याच अक्षरावर बसते.

आता सगळ्यात वर एक यादी ठेवलीय.
ती काही मोजत नाही, काही दाखवत नाही,
नुसती धरून असते
एकेका खिडकीचं नाव.

चार वाजता पहिली गाडी काट्यावर चढली.
खिडकी उघडली. राहिली.
आकडा आला, थरथरला, थांबला.
लटारीजींनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला,
मग कानावरची पेन्सिल काढून
वहीत लिहून घेतला.