कायमचा पत्ता

चौतीस वर्षं ह्यांनी बॅलार्ड इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर
जहाजांच्या कागदांवर 'पोर्ट लुई' टाइप केलं.
कापड गेलं, कधी मसाल्याची पोती, एकदा नुसत्या छत्र्या.
खिडकीतून क्रेनची मान दिसायची, पाणी नाही.
निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ,
आणि घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले,
"इतकी वर्षं माल पाठवला. आता आपण जाऊ."

मला वाटलं, चहा घेतला की उतरेल.

उतरलं नाही. निळी फाईल आली.
फाईलमध्ये मॉरिशसचा नकाशा, नकाशावर शाईचा ठिपका,
ठिपक्यात म्हणे भाड्याचं घर, मागं पपई,
वीज इतकी, गॅस इतका, डॉक्टर इतका,
मासे, पुढं रिकामी जागा.
मासे मी विचारले होते.
"बोंबील मिळतो का तिथं?"
"शोधतो," म्हणाले.
पाच वर्षं झाली, शोधतायत.

माझगावच्या ह्या दोन खोल्यांत
पाणी साडेपाचला येतं, पावणेसातला जातं.
बंदरावरून वारा आला की सुक्या मासळीचा वास
थेट देव्हाऱ्यापर्यंत, न विचारता.
परेराबाई जिन्यात थांबून म्हणाल्या,
"बेटावर चाललात? मग आता कुठं ऱ्हाता?"
आणि पावाची पिशवी सावरत वर गेल्या.
हे मी ह्यांना सांगितलं नाही.

तिथं आपली माणसं आहेत म्हणे,
ऊस तोडायला नेलेल्यांची पतवंडं.
गणपती बसवतात, आडनावं सांभाळतात,
भांडतात मात्र भलत्याच भाषेत.
तिथं जुलैत थंडी, दिवाळीनंतर उकाडा,
कैऱ्या ऐन डिसेंबरात.
मी रात्रभर हिशेब करत पडले:
म्हणजे लोणचं मार्गशीर्षात घालायचं,
गुरुवारच्या घटाशेजारी बरणी...
चालेल.

हे 'चालेल' माझंच मला ऐकू आलं.

एकसष्टाव्या वर्षी मी पोहायला जाऊ लागले,
दुपारी तीनची बायकांची बॅच, केतकीची जुनी टोपी.
शिकवणारी पोरगी तांडेलांची.
"काकू, पाण्याशी भांडू नका," म्हणायची,
"ते तुमचं सासर नाय."
घरी मोरीत कपडे धुताना फ्रेंच पुटपुटायचे,
पहिला शब्द मासा, दुसरा 'केवढ्याला'.
ह्यांना वाटायचं, जप चाललाय.

परवा परवाना आला.
हे तो दोनदा वाचून चष्मा पुसत बसले.
मग बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट होऊ दे, म्हणाले.
मग केतकीचं दुसरं बाळंतपण.
मग गुडघा.
मग डॉलर चढलाय.
आणि दिवे लावायच्या वेळी, एकदम हळू,
"तिथं मी गेलो, तर खांद्याला कोण?"

मी मेथी निवडत होते.
म्हटलं, "इथं तरी कोण? नाडकर्णी येतील जिन्यापर्यंत,
त्यांचाही गुडघाच."
हे हसले नाहीत.
मेथीची एक जुडी निवडायला
इतका वेळ कधी लागला नव्हता.

रात्री शेवटचा फॉर्म मीच भरायला घेतला.
नाव, वय, रक्तगट.
'कायमचा पत्ता' ह्या रकान्याशी अडले.
हाक मारली. हे आले, वाकले,
बामचा वास, कानामागं पावडर.
जन्मभर दुसऱ्यांचे पत्ते बिनचूक टाइप करणारा हात
माझगाव लिहून, मुंबई लिहून,
पिनकोडच्या शेवटच्या शून्याशी थांबला.

"हे पेन्सिलनं लिहिलं तर चालतं का गं?"

मी खोडरबर शोधायला उठले.