पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत

पोर्तूत, बोनफिमच्या चढावर, चौथा मजला, लिफ्ट नाही.
मी जुन्या पुस्तकांचा व्यापारी, दम खात वर पोचलो
तेव्हा दोना देओलिंदांनी आधी माझे हात पाहिले,
मग टॉवेल दिला.

पुस्तकं स्वयंपाकघरात.
समुद्राची ओल या घरात सगळीकडे फिरते,
फक्त शेगडीला दबकून असते.

एकतीस वर्षं त्या एका कलादालनात
खोली क्रमांक चारमध्ये खुर्चीवर बसल्या.
काम एकच: हात लावू नका, म्हणणं.
प्रदर्शन उतरलं की उरलेल्या कॅटलॉगांतला एखादा
पगाराच्या पाकिटासोबत मिळायचा.
बाकीचे पहारेकरी तो दाराखाली सारत, दार आपटू नये म्हणून.
यांनी चारशे बारा जपले.

मी वही उघडली. माझी भाषा ठरलेली:
कणा सैल. कोपरे मऊ. बांधणी मूळची.
सँडपेपरच्या वेष्टणातलं ते पुस्तक,
शेजाऱ्यांची अंगं खरवडावीत म्हणूनच केलेलं,
इथे एकटं, पावाच्या डब्यात.
"भांडकुदळ आहे," त्या म्हणाल्या. "वेगळं काढलंय."

मग एका जाड कॅटलॉगच्या समासात पेन्सिल दिसली.

पान एक्केचाळीस: हा निळा एवढा निळा नव्हता.
पान बावन्न: पहिले नऊ दिवस हे उलटं टांगलेलं.
चित्रकार येऊन पाहून गेला. काही बोलला नाही.
पान साठ: रात्रपाळी संपवून एक नर्स रोज यासमोर यायची,
पर्समध्ये तोंड घालून सँडविच खायची.
मी खिडकीबाहेर बघत असे.
पान त्र्याऐंशी: छापलंय 'शीर्षक नाही'.
आम्ही तिला कोंबडी म्हणायचो.

आणखी एक उघडलं. आणखी तीन. सगळ्यांत तेच बारीक अक्षर.

धंद्यात याला दोष म्हणतात.
समासात लिहिलेलं, म्हणजे किंमत निम्मी.
मी तसं सांगितलं.
"खोडरबर आहे की," त्या म्हणाल्या
आणि खरंच ड्रॉवर ओढला.
मी नको म्हणालो,
जरा जास्तच मोठ्यानं.

सगळ्यांत खाली एक पातळ पुस्तक, पन्नासांतली सतरावी प्रत,
इरासेमा नावाच्या कुणा मुलीनं राखाडी दोऱ्यानं शिवलेलं.
पानांच्या दुमडी अजून न कापलेल्या.
हे मात्र आमच्या धंद्याचं सोनं:
कोरं, अस्पर्श, वर जिन्याचे कष्ट माफ.

"कधी वाचलं नाहीत?"
"न वाचायला काय झालं?"

चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी ते दिव्याखाली धरलं, पानांची कड चिमटीत फुगवली
आणि बिळात डोकवावं तसं
एक डोळा मिटून आत पाहिलं.
एकतीस वर्षं ताठ बसलेली मान
बोटभर वाकली.

"सगळं दिसतं. कापायचं कशाला?
एक दुमडीतली ओळ तेवढी लपते.
ती मी दर खेपेला वेगळी धरते."

खाली चढावावर कुणाची तरी गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत होती.
किमतीच्या रकान्यात मी आठ लिहिला होता,
पुढची शून्यं राहिली होती.

"आता तुम्ही," त्या म्हणाल्या. पुस्तक त्यांच्याच हातात.
"डावा डोळा मिटा. श्वास रोखा.
आणि हात..."

मी हात मागे बांधले.